क्रेडिट मोबिलिअर प्रकरण

अमेरिकेतील पहिल्या आंतरखंडीय लोहमार्गाच्या (१८६९) बांधणीतील आर्थिक गैरव्यवहार व त्यातून उद्भवलेले राजकीय लाचलुचपतीचे प्रकरण. मूळ व्यवहार साधारणपणे १८६४ ते १८६८ या काळातले. त्यांचा बोभाटा १८७२ च्या निवडणुकीच्या हंगामात झाला.

पॅसिफिक रेल्वे कायद्याने (१८६२) युनियन पॅसिफिक व सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपन्यांना सरकारी रोखे मैलामागे कर्जाऊ देऊ केले : सपाटीवर १६,०००, पठारी मुलखात ३२,००० व डोंगरात ४८,००० डॉलरचे. १८६४ च्या दुरुस्तीने जमिनीचे अनुदान दुप्पट झाले आणि सरकारचे गहाण दुय्यम ठरले, म्हणजे वसुलीत खाजगी धनकोंचा हक्क आधी आला. निर्मनुष्य मुलखातली गाडी नफ्यात कधी चालेल याची शाश्वती नव्हती. बांधणीचा पैसा मात्र लगेच मिळणार होता. म्हणून युनियन पॅसिफिकचा उपाध्यक्ष टॉमस ड्युरंट व त्याचे सहकारी यांनी पेनसिल्व्हेनियातील एक कंपनी १८६४ मध्ये ताब्यात घेतली व तिला ‘क्रेडिट मोबिलिअर’ हे एका फ्रेंच वित्तसंस्थेचे नाव दिले. लोहमार्ग बांधणीची कंत्राटे तिच्याकडे जाऊ लागली. हे नाव जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन याने सुचविले, असे सामान्यतः मानले जाते. कंत्राट देणारे आणि घेणारे आता बहुतांशी एकच होते. पहिले कंत्राट हर्बर्ट हॉक्सी या मध्यस्थाच्या नावावर, मैलामागे ५०,००० डॉलर दराने निघाले. मुख्य अभियंता पीटर डे याचा अंदाज सुमारे ३०,००० चा होता. फुगवलेल्या दराला मान्यता देण्याऐवजी त्याने राजीनामा दिला.

नफा किती झाला, याविषयी मतभेद आहेत. रोखे व भाग (शेअर) दर्शनी किंमतीने धरले, तर आकडा सुमारे ४.४ कोटी डॉलरपर्यंत जातो. रोख मूल्यात तो सुमारे २.३ कोटी भरतो. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी (१९६०) तो १.३ ते १.६५ कोटींच्या दरम्यान धरला आहे. युनियन पॅसिफिकचे भाग बाजारात दर्शनी किंमतीच्या अल्पांशाने विकले जात होते, हे लक्षात घेता फोगेल यांची मांडणी अधिक ग्राह्य वाटते. परंतु नफा कमी ठरला म्हणून व्यवहार निर्दोष ठरत नाही. कर्जाचा बोजा रेल्वे कंपनीवर आणि लाभांश कंत्राटदारांच्या खिशात, हा मूळ दोष कायम राहतो.

मॅसॅच्युसेट्सचा काँग्रेस-सदस्य (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद) व फावड्यांचा कारखानदार ओक्स एम्स याने १८६७-६८ च्या हिवाळ्यात अनेक सदस्यांना क्रेडिट मोबिलिअरचे भाग दर्शनी किंमतीत दिले. बाजारभाव त्याहून बराच चढा होता. काहींना तर लाभांशातूनच किंमत फेडण्याची सवलत होती. भागीदारांतील तंट्यामुळे एम्सची पत्रे ४ सप्टेंबर १८७२ रोजी ‘न्यूयॉर्क सन’मध्ये प्रसिद्ध झाली. चौकशी समितीपुढे एम्सने आपली टिपणवहीच ठेवली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स गारफील्ड यांच्या नावापुढे ३२९ डॉलरची नोंद होती. ते कर्ज होते, असे गारफील्ड यांचे म्हणणे. उपराष्ट्राध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांनाही १,२०० डॉलरच्या बँक-भरण्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही. ल्यूक पोलंड यांच्या या समितीने लाच देऊ करणारा दोषी, पण घेणाऱ्या बहुतेकांना हेतू ठाऊक नव्हता, असा निष्कर्ष काढला. तो पटण्याजोगा नाही. २७ फेब्रुवारी १८७३ रोजी प्रतिनिधिगृहाने एम्स व आणखी एक सदस्य जेम्स ब्रुक्स यांच्यावर केवळ निषेधाचे ठराव केले.

सेंट्रल पॅसिफिकची बांधणीही तिच्याच संचालकांच्या ‘काँट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनी’कडे होती. या कंत्राटदार कंपनीचे हिशेबाचे दप्तर नष्ट करण्यात आले.