स्टोक रो

स्टोक रो हे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर काउंटीतलं, चिल्टर्न टेकड्यांवरचं छोटं गाव. हेन्ली-ऑन-थेम्सच्या पश्चिमेला साधारण ८ किलोमीटरवर, आणि रेडिंग शहर खाली दक्षिणेला. आजूबाजूला बीच झाडांचं जंगल, मधे एक लांबट रस्ता आणि त्याच्या कडेने घरं. अशी गावं इंग्लंडमध्ये पैशाला पासरी आहेत, पण ह्या गावात रस्त्याला लागूनच एक विहीर आहे जी काशीच्या महाराजांनी स्वतःच्या खर्चाने खोदून दिली, आणि लोक गावात येतात ते मुख्यतः तीच बघायला.

आधी पाण्याचं बघू, कारण त्याशिवाय ही विहीर कळणार नाही. चिल्टर्नच्या टेकड्या पोटातून चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या. पाऊस बरा पडतो पण चॉकमधून तो सरळ खाली झिरपतो, ओढे-झरे वर टिकतच नाहीत. चॉकवर चिकणमातीचा थर आहे त्यात डबकी साचायची, ती गढूळ, आणि उन्हाळ्यात तीही आटायची की मग पाणी लांबून वाहून आणा. टंचाई काय फक्त आपल्या माणदेशातच असते असं नाही.

आता काशी कुठून आली मधे? शेजारच्या इप्सडेन गावचे जमीनदार रीड घराणं. त्यातले एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारचे अधिकारी म्हणून भारतात होते, १८५७ च्या धामधुमीत काही काळ वायव्य प्रांताचे (आजच्या उत्तर प्रदेशाकडचा भाग) हंगामी लेफ्टनंट गव्हर्नरही. १८३१ मध्ये त्यांनी आझमगढला लोकांसाठी विहीर खोदून दिली होती. काशीचे महाराज ईश्वरी प्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांची चांगली दोस्ती, आणि बोलता बोलता रीडसाहेबांनी आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली की घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका पोराला आईने बदडलं होतं. ते महाराजांच्या लक्षात राहिलं. रीड निवृत्त होऊन परत गेल्यावर महाराजांनी तिकडे एक विहीर द्यायची ठरवलं आणि जागा निवडली गेली स्टोक रोची. अर्थात १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या संस्थानिकाला राणीच्या दरबारी नाव होणं नको होतं असं कोण म्हणेल, मुहूर्त बघितले तरी कळतं: कामाची सुरुवात १० मार्च १८६३ ला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे राणीच्या थोरल्या मुलाच्या, लग्नाच्या दिवशी, आणि विहीर खुली झाली २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. पण म्हणून पाणी काही खोटं ठरत नाही.

विहिरीचा व्यास जेमतेम ४ फूट आणि खोली ३६८ फूट, म्हणजे लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातला नेल्सनचा खांब एकावर एक दोनदा ठेवला तरी आत बुडेल. हे सगळं माणसांनी हाताने खोदलंय. खर्च साडेतीनशे पौंडांच्या आसपास. पाणी ओढायचं रहाटाचं यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कंपनीने केलं, त्यावर सोनेरी हत्ती उभा आहे आणि त्याच्यावर लोखंडी खांबांवर पेललेला घुमट, कडेनी उघडा. बाजूला विहीर सांभाळणाऱ्यासाठी छोटंसं घर. डागडुजीचे पैसे कुठून यायचे ह्याचाही विचार केला होता, चेरीची बाग लावली, चेऱ्या विकून खर्च भागवायचा. बागेचं नाव ईश्री बाग, आणि तिथे माशाच्या आकाराचं तळंसुद्धा आहे. (एवढं इंग्रजी गाव आणि नाव बघा!) सत्तरएक वर्षं गाव ह्या विहिरीवर पाणी भरत होतं, मग नळ आले.

१९६४ मध्ये शताब्दी झाली त्याला राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप आले होते, तेव्हा विहिरीच्या पाण्यात गंगाजल मिसळलं. दानाची गंगा अशी उलटी वाहिल्याचं हे एकच उदाहरण नाही, लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये मुंबईचे पारशी शेठ कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेलं पाण्याचं कारंजं आहे, १८६९ चं.

बाकी गावाचा इतिहास लाकडाचा. बीचच्या लाकडापासून खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर जंगलातच झोपड्या टाकून काम करायचे, शिवाय तंबूच्या खुंट्या आणि ब्रश हेही इथले धंदे. सेंट जॉन चर्च १८४६ चं, म्हणजे तसं नवंच.

सोयी म्हणाल तर चर्चची प्राथमिक शाळा, एक दुकान, व्हिलेज हॉल, खेळाचं मैदान आणि पब. चेरी ट्री इन हा हेन्लीच्या ब्रॅक्सपिअर कंपनीचा. दुसरा क्रुकेड बिलेट, तो जास्त गाजलेला कारण १९९८ मध्ये सिनेनटी केट विन्स्लेटच्या पहिल्या लग्नाची पार्टी तिथे झाली, आणि जेवायला काय तर सॉसेज आणि बटाट्याचा लगदा. रेल्वे स्टेशन गावात नाही, हेन्ली नाहीतर गोरिंगला उतरून पुढे यावं लागतं, गाडी असेल तर उत्तम. विहीर बघायला तिकीट नाही, ट्रस्ट तिची देखभाल करतो.