घाट चढेल का हा प्रश्न सोडा, पार्किंगमध्ये प्लग आहे का ते बघा

ईव्ही घ्यायची का पेट्रोल हा विषय निघाला की पुण्या-मुंबईकडे पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, घाटात बॅटरी उतरली तर काय? भीती समजू शकतो, पण याचं उत्तर शाळेतल्या फिजिक्समध्ये आहे आणि ते दोन मिनिटात काढता येतं. खोपोली ते लोणावळा चढ धरा साधारण साडेपाचशे मीटर, गाडी माणसं आणि बॅगा धरून 1600 किलो. वजन वर उचलायला लागणारी ऊर्जा येते 86 लाख ज्यूल, म्हणजे लाईटबिलाच्या भाषेत 2.4 युनिट. मोटर-बॅटरीतलं नुकसान धरलं तरी तीनच्या आत. 40 युनिटची बॅटरी असेल तर सात-साडेसात टक्के, बस एवढंच घाटाचं जास्तीचं बिल.

आणि परत येताना त्यातलं बरंचसं वसूल होतं. उतारावर तीच मोटर जनरेटरसारखी चालते (यालाच रिजेन म्हणतात), त्यामुळे घाटातले दहा-बारा किमी जवळपास फुकट जातात आणि वर एखादं युनिट बॅटरीत जमा पण होतं. पेट्रोल गाडीत हीच ऊर्जा ब्रेक आणि इंजिन तापवून हवेत जाते, टाकीत एक थेंब परत येत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, लोणावळ्यात 100 टक्के चार्ज करून लगेच खाली उतरू नका. भरलेल्या बॅटरीत जागाच नसते म्हणून रिजेन कमी होतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी रोजच्यासारखी हळू होत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. 85-90 टक्क्यांवर थांबवलेलं बरं.

रेंज खरी खाल्ली जाते ती घाटाच्या अलीकडे-पलीकडे, सरळ रस्त्यावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 चा वेग 100 केला तर हवेशी झगडण्यात प्रत्येक किमीला 56 टक्के जास्त ऊर्जा जाते. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचा हिशोब केला तर 80 ला साधारण 13 युनिटमध्ये 100 किमी होतात आणि 100 ला तेवढ्याच अंतराला 17 लागतात. पेट्रोल गाडीलाही हवा तेवढीच अडवते पण तिथे जाणवत नाही, कारण 40 लिटरच्या टाकीत साडेतीनशे युनिटच्या वर ऊर्जा भरलेली असते आणि इंजिन हायवेच्या स्थिर वेगाला त्यातल्या त्यात बरं काम करतं.

शहरात मात्र इंजिनाची अवस्था वाईट आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, त्यातली चाकापर्यंत पोचते वीस-तीस टक्के, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून गरम हवा बनून जाते. सिग्नलला उभं असताना तर शंभर टक्के वाया. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून लिटरची ताकद अजून सहा-सात टक्क्यांनी उतरते. ईव्हीत बॅटरीतली 80-85 टक्के ऊर्जा चाकाला मिळते आणि प्रत्येक सिग्नलला थोडी परत येते. त्यामुळे रोजचं येणंजाणं हिंजवडी किंवा ठाणे-अंधेरीसारख्या ट्रॅफिकमधलं असेल तर माझं स्पष्ट मत ईव्हीच्या बाजूने आहे.

"पण वीज तर कोळशाचीच ना?" हो, बरीचशी. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो. 100 किमीला पेट्रोल कार 15 किलो, ईव्ही 11 किलो. फायदा आहे पण लोक सांगतात तेवढा मोठा नाही, शिवाय बॅटरी बनवतानाच दोन-चार टन कार्बन निघालेला असतो, तो फिटायला पन्नास हजार किमीच्या आसपास जातात (पेट्रोल काढणं, शुद्ध करणं, वाहून आणणं हे धरून). म्हणून ज्यांची चांगली चालणारी पेट्रोल गाडी वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किमी फिरते त्यांनी पर्यावरणासाठी म्हणून ती विकून ईव्ही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, तीच नीट सर्व्हिसिंग करून चालवा. महिन्याला हजार-दीड हजार किमी फिरणाऱ्याचं गणित एकदम वेगळं.

आता प्लग. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर ताशी तीन-सव्वातीन युनिट जातात, दिवसाला 40 किमी फिरणाऱ्याला दोन-अडीच तास पुरतात, फास्ट चार्जरची रोज गरजच नाही. घरी दहा रुपये युनिट धरलं तर किमीला दीड-पावणेदोन रुपये पडतात, पेट्रोलला सात. पण घरी सोय नसेल आणि दर वेळी पब्लिक फास्ट चार्जरवर जावं लागत असेल तर दर दुप्पट किंवा त्याहून जास्त, वर रांग, आणि 80 टक्क्यांनंतर बॅटरी सांभाळायला करंट कमी केला जातो म्हणून शेवटचे वीस टक्के रखडतात ते वेगळं. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने आणि ज्याची निम्मी रनिंग नांदेड-लातूरकडे लांबच्या हायवेची आहे त्याने आज पेट्रोल किंवा हायब्रीड घेतली तर त्यात काही चुकीचं नाही.

सोसायटीत राहत असाल तर बुकिंगचे पैसे भरायच्या आधी कमिटीकडून परवानगी लेखी घ्या आणि मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल किती मीटर लागेल ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, अर्थिंगसकट. घरच्याच मीटरवर लोड टाकला तर बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतंय का आणि त्याचा दर काय हे वीज कंपनीत आधीच विचारा.