घानात पक्ष नोंदवायचा, युती करायची : पात्रता, कागदपत्रे आणि 522 सह्या

ऑक्टोबर 2016 मध्ये घानाच्या निवडणूक आयोगाने राष्ट्राध्यक्षपदाच्या डझनभर इच्छुकांचे अर्ज छाननीत बाद केले. त्यांत प्रोग्रेसिव्ह पीपल्स पार्टीचे पापा क्वेसी न्डुओम होते. हे गृहस्थ माजी मंत्री, उद्योजक, नवखे अजिबात नव्हेत. त्यांच्या अर्जात एकाच मतदाराची सही दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या रकान्यांत आली होती. न्डुओम न्यायालयात गेले. 7 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितले, की उमेदवारांना चुका दुरुस्त करायला मुदत द्या. न्डुओम यांचे नाव अखेर मतपत्रिकेवर आले. पण मतदान होते 7 डिसेंबरला. प्रचाराचा ऐन महिना एका सहीपायी कोर्टात गेला.

पश्चिम आफ्रिकेतल्या या लोकशाहीत लहान पक्षांचे काय होते, हे समजून घ्यायचे तर भाषणांपेक्षा अर्जाचे नमुने वाचावेत, असे माझे मत आहे. तिथे पक्ष कसा नोंदवतात, कोण नोंदवू शकतो, कोणती कागदपत्रे लागतात आणि युती केली तर ती कुठल्या कागदावर दिसते, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पक्ष कोण स्थापन करू शकतो

आधार दोन : 1992 च्या राज्यघटनेतले कलम 55 आणि 2000 सालचा राजकीय पक्ष कायदा, म्हणजे अधिनियम क्रमांक 574. मतदानाच्या वयाचा, म्हणजे 18 वर्षे पूर्ण झालेला, कोणताही घानाचा नागरिक पक्षाचा सभासद होऊ शकतो. संस्थापक, नेता किंवा पदाधिकारी व्हायचे असेल तर अट वाढते : ती व्यक्ती संसदेची निवडणूक लढवण्यास पात्र असली पाहिजे. दुसऱ्या देशाशी निष्ठा बांधलेला माणूस इथेच गळतो. परंपरागत राजे आणि सरदार, ज्यांना तिथे 'चीफ' म्हणतात, त्यांना कलम 276 नुसार सक्रिय पक्षीय राजकारणात भागच घेता येत नाही.

खरी कसोटी पक्षाच्या 'राष्ट्रीय स्वरूपा'ची आहे. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात निदान एक संस्थापक सभासद हवा. तो त्या जिल्ह्याचा रहिवासी असावा किंवा तिथल्या मतदार यादीत त्याचे नाव असावे. आज जिल्हे 261 आहेत, म्हणजे किमान 261 संस्थापक. शिवाय सर्व 16 प्रांतांत शाखा हव्यात आणि प्रत्येक प्रांतातल्या निदान दोन तृतीयांश जिल्ह्यांत संघटना उभी असली पाहिजे. पक्षाचे नाव, चिन्ह, रंग किंवा घोषवाक्य यांत जमात, प्रांत, धर्म यांचा वास येता कामा नये. भारतात नवा पक्ष नोंदवायला मतदार असलेले 100 सभासद दाखवावे लागतात; त्याशेजारी हे ठेवून पाहिले की फरक लक्षात येतो. केवळ एका प्रांतापुरता पक्ष घानात नोंदवताच येत नाही.

या कडक अटीमागे जुना इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या वर्षीच, 1957 मध्ये, पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने जमात, प्रांत किंवा धर्म यांच्या आधारावरच्या पक्षांवर बंदी घालणारा कायदा केला. अशांती भागातली नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट, उत्तरेतली नॉर्दर्न पीपल्स पार्टी, टोगोलँड काँग्रेस, मुस्लिम असोसिएशन पार्टी आणि राजधानी अक्रातल्या गा लोकांची संघटना, या सगळ्यांपुढे एकत्र येण्याखेरीज वाट उरली नाही. त्यातून विरोधी नेते बुसिया यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड पार्टी उभी राहिली. घानातली ती मोठी आघाडी कायद्याच्या धाकाने झाली आणि आजची न्यू पॅट्रिऑटिक पार्टी, म्हणजे एनपीपी, आपली परंपरा तिथूनच सांगते. जमातींत तेढ नको हा हेतू मला पटतो. पण त्याची किंमत आज मोठे पक्ष मोजत नाहीत, लहान पक्ष मोजतात, हेही तितकेच खरे.

नोंदणीचे टप्पे आणि कागदपत्रे

अर्ज निवडणूक आयोगाकडे करायचा असतो. सोबत पक्षाची घटना आणि नियम, पदाधिकाऱ्यांची नावे व पत्ते, जिल्हावार संस्थापक सभासदांचा तपशील, पक्षाचे नाव, चिन्ह आणि रंग, आणि ठरलेले शुल्क. पक्षाचा अंतर्गत कारभार लोकशाही पद्धतीचा आहे, हे त्या घटनेतूनच दिसावे लागते. आयोग पक्षाचा तपशील राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवतो. चिन्ह दुसऱ्यासारखे दिसू नये, हा हरकतीचा नेहमीचा मुद्दा. एनपीपीचा हत्ती, नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसची, म्हणजे एनडीसीची, छत्री, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीचा लाल कोंबडा, पीपल्स नॅशनल कन्व्हेन्शनचा नारळ, ही चिन्हे मतदारांच्या डोळ्यांत बसलेली आहेत.

प्रमाणपत्र दोन टप्प्यांत मिळते. आधी तात्पुरते; त्याच्या बळावर पक्ष शाखा उभारतो, सभासद जमवतो. अंतिम प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पक्षाच्या नावावर उमेदवार उभा करता येत नाही. ते मिळाल्यावर 90 दिवसांत मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे विवरण द्यायचे आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व मतदारसंघ पातळीवरची कार्यालये कुठे आहेत तेही कळवायचे.

कार्यालय कागदावर असून भागत नाही. आयोगाचे लोक प्रत्यक्ष जाऊन पाहतात. वायव्येच्या 'वा' नावाच्या शहरापासून आग्नेयेला समुद्रकाठच्या केटापर्यंत जागा भाड्याने घ्यायची, पाटी लावायची, तिथे कोणीतरी बसवायचे, आणि हे निवडणूक नसलेल्या वर्षांतही चालू ठेवायचे. पक्षांना नियमित सरकारी अनुदान मिळत नाही. आयोगाने 17 पक्षांची नोंदणी रद्द करण्याची कारवाईही केली, ती मुख्यतः चालू कार्यालये नसल्याच्या मुद्द्यावर.

आणखी एक गोष्ट लहान पक्षांना नडते. घानात जिल्हा सभांच्या निवडणुका पक्षविरहित असतात. घटनेनेच तिथे पक्षांना मज्जाव केला आहे. आपल्याकडे पक्ष नगरपालिका, जिल्हा परिषद जिंकत वर चढतो. घानात ती शिडीच नाही. संसद आणि राष्ट्राध्यक्षपद, पक्षाला लढायला एवढ्याच दोन जागा.

उमेदवारी अर्ज

संसदेसाठी उमेदवार किमान 21 वर्षांचा, नोंदणीकृत मतदार, कर भरलेला हवा. त्या मतदारसंघात तो राहत असावा, किंवा मागच्या 10 वर्षांत एकूण 5 वर्षे राहिलेला असावा, किंवा मूळचा तिथला असावा. अर्जावर एक सूचक, एक अनुमोदक आणि आणखी 18 मतदारांच्या सह्या, मिळून 20. हे काम एका गावात, एका दिवसात होते.

राष्ट्राध्यक्षपदाचे तसे नाही. उमेदवार जन्माने घानाचा नागरिक आणि किमान 40 वर्षांचा हवा. त्याच अर्जात उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदार जाहीर करावा लागतो. आणि प्रत्येक जिल्ह्यातून निदान दोन मतदारांच्या सह्या लागतात. 261 जिल्हे गुणिले दोन : 522 सह्या. प्रत्येक नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि सही त्या त्या जिल्ह्याच्या मतदार यादीशी जुळली पाहिजे. सोबत छायाचित्रे आणि शपथपूर्वक केलेले घोषणापत्र. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी 1 लाख सेडी (घानाचे चलन) आणि संसदेसाठी 10 हजार सेडी भरायचे होते; महिला आणि अपंग उमेदवारांना 25 टक्के सवलत होती. त्या वर्षी 24 जणांनी राष्ट्राध्यक्षपदाचे अर्ज भरले, छाननीत 13 टिकले.

लहान पक्षांसाठी व्यवहारातली सूचना एकच आणि ती 2016 नेच शिकवली आहे : दोन सह्या लागतात म्हणून दोनच घेऊ नयेत. जिल्ह्यागणिक चार-पाच सह्या हाताशी ठेवाव्यात, नावे यादीशी ताडून पाहावीत आणि अर्ज शेवटच्या दिवसाच्या आधी द्यावा, म्हणजे चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ उरतो.

युती कुठल्या कागदावर दिसते?

मतपत्रिकेवर उमेदवार एक तर नोंदणीकृत पक्षाचा असतो, नाही तर अपक्ष. युतीचा असा रकाना नाही. म्हणून घानात युती होते ती एका पक्षाने दुसऱ्याच्या उमेदवाराला पाठिंबा देऊन, जागा वाटून घेऊन किंवा उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदार दुसऱ्या पक्षाचा घेऊन. हा शेवटचा मार्ग मला सर्वांत पक्का वाटतो, कारण तो निदान एका अधिकृत अर्जावर सहीनिशी उतरतो.

1992 मध्ये तेव्हाचे लष्करी शासक रॉलिंग्ज यांनी हेच केले. त्यांच्या एनडीसीसोबत नॅशनल कन्व्हेन्शन पार्टी आणि ईगल पार्टी होती. उपराष्ट्राध्यक्षपदी नॅशनल कन्व्हेन्शन पार्टीचे कोव्ह एन्केन्सेन आर्का आले. 200 जणांच्या संसदेत त्या पक्षाला 8 आणि ईगलला 1 जागा मिळाली. पुढे आर्का यांचे बिनसले आणि 1996 मध्ये ते उपराष्ट्राध्यक्षपदावर असतानाच विरोधकांच्या 'ग्रेट अलायन्स'मध्ये एनपीपीचे उमेदवार कुफुओर यांचे जोडीदार म्हणून उभे राहिले. एनपीपी आणि पीपल्स कन्व्हेन्शन पार्टी यांची ती युती होती. जागावाटपाचा घोळ बराच लांबला आणि रॉलिंग्ज 57 टक्के मतांनी जिंकले. पीपल्स कन्व्हेन्शन पार्टीच्या वाट्याला 5 जागा आल्या.

लहान पक्षांनीच आपापसांत केलेली युती 2004 ची. पीपल्स नॅशनल कन्व्हेन्शन, ईगल आणि ग्रेट कन्सॉलिडेटेड पॉप्युलर पार्टी यांनी मिळून एडवर्ड महामा यांना उभे केले. मते 2 टक्क्यांहून कमी. 2024 च्या एप्रिलमध्ये एनपीपीतून बाहेर पडलेले माजी मंत्री ॲलन क्येरेमातेन यांनी 'अलायन्स फॉर रिव्होल्यूशनरी चेंज' जाहीर केली, पण मतपत्रिकेवर ते अपक्ष म्हणूनच होते. एन्क्रुमांचा वारसा सांगणारे लाल कोंबडा आणि नारळ यांच्या विलीनीकरणाची बोलणी तर वर्षानुवर्षे चालली आणि मोडली. कोंबडा ठेवायचा की नारळ, या प्रश्नाला अर्जात एकच चौकोन आहे.

पहिल्या फेरीआधीच्या युत्यांपेक्षा दुसऱ्या फेरीच्या वेळचा पाठिंबा अधिक फळला आहे. राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याहून जास्त मते लागतात; कोणालाच ती नसली तर 21 दिवसांत दोघांमध्ये पुन्हा लढत होते. 2000 मध्ये कुफुओर पहिल्या फेरीत 48 टक्क्यांवर अडले, मागे पडलेले पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले आणि 28 डिसेंबरला ते जवळपास 57 टक्क्यांनी जिंकले. त्यानंतरच्या मंत्रिमंडळात न्डुओम मंत्री झाले; तेव्हा ते कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीत होते. 2008 मध्ये एनपीपीचे अकुफो-अडो पहिल्या फेरीत 49.13 टक्क्यांवर थांबले. न्डुओम यांना त्या वेळी मते होती सुमारे 1.3 टक्के. दुसऱ्या फेरीत एनडीसीचे अट्टा मिल्स अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून आले. एक-दीड टक्क्याच्या पक्षाला एवढे महत्त्व येते ते फक्त या तीन आठवड्यांत, आणि त्यासाठी कुठलाही अर्ज लागत नाही.

संसदेत मात्र वाट अरुंद होत गेली. 2004 मध्ये लहान पक्षांचे 7 खासदार होते, 2008 मध्ये 3, 2012 मध्ये 1. 2016 पासून एकही नाही.

निवडून आल्यावर युती केली तर खासदारकी जाते का?

कलम 97 नुसार, ज्या पक्षाकडून निवडून आला तो सोडून खासदार दुसऱ्या पक्षात गेला किंवा अपक्ष झाला, तर जागा रिकामी होते. अपक्ष निवडून आलेला पक्षात गेला तरी तेच. पण याच कलमात एक सवलत आहे आणि युतीचा विचार करणाऱ्याने ती पाठ करावी : पक्षांच्या घटनांनी मान्य केलेले राष्ट्रीय पातळीवरचे विलीनीकरण, किंवा खासदाराचा मूळ पक्ष ज्यात सामील आहे असे आघाडी सरकार, यांमुळे खासदारकीला धक्का लागत नाही. म्हणून पक्षाची घटना नोंदणीसाठी देतानाच तिच्यात विलीनीकरणाची तरतूद घालून ठेवणे शहाणपणाचे. नंतर घाईत घातलेली दुरुस्ती वादात सापडते. हे कलम किती पेटू शकते ते ऑक्टोबर 2024 मध्ये दिसले : सभापती बाग्बिन यांनी चार जागा रिकाम्या जाहीर केल्या आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 अशा बहुमताने तो निर्णय रद्द ठरवला.

हिशेब, देणग्या आणि तिथे राहणारे मराठी लोक

दरवर्षी 31 डिसेंबरनंतर सहा महिन्यांत पक्षाने लेखापरीक्षित हिशेब आयोगाला द्यायचा. सार्वत्रिक निवडणुकीच्या 21 दिवस आधी मालमत्तेचे विवरण आणि निवडणुकीनंतर सहा महिन्यांत खर्चाचा तपशील, हे वेगळे.

देणगी फक्त घानाच्या नागरिकाने द्यायची. ज्या कंपनीचे किमान 75 टक्के भांडवल नागरिकांच्या मालकीचे आहे, ती कंपनी या कायद्यापुरती नागरिक धरली जाते. परदेशी सरकार किंवा संस्थेला मदत करायचीच असेल तर ती आयोगाकडे, सर्व पक्षांच्या सामाईक उपयोगासाठी. नोकरी-धंद्यासाठी अक्रा किंवा टेमात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. ओळखीच्या उमेदवाराला रोख रक्कम देणे जितके बेकायदा, तितकेच प्रचारासाठी गाडी देणे, छपाईचे बिल भरणे किंवा उसने पैसे देणेही. अप्रत्यक्षपणे, दुसऱ्याच्या हातून दिलेलेही त्यात मोडते. रक्कम जप्त होते आणि दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते. कंपनीत स्थानिक भागीदार असेल तर आधी भागभांडवलाचा कागद काढून पाहा. त्याचा वाटा 75 टक्क्यांना पोचत नसेल, तर कंपनीच्या खात्यातून एक सेडीही पक्षाला जाता कामा नये.