तेलाखालचा गंज

थ्री नॉट थ्री रायफल म्हटलं की ठाणे शहरातल्या पुष्कळांना एनसीसीची परेड आठवते, नाहीतर बंदोबस्तावरचा पोलिस. या रायफलीच्या लाकडी दस्त्यात एक छोटा खण असतो. त्यात तेलाची बाटली आणि पुलथ्रू म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी. चिंधी ओढली, तेल लावलं की रायफल साफ, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं झाडली असतील, तर चार दिवसांत त्या तेलाखालीच तांबूस गंज धरतो.

धूरविरहित दारू आली तेव्हा ही तक्रार वाढली आणि दोष साहजिकच नव्या दारूवर गेला. तिचे आम्लधर्मी वायू पोलादात मुरतात आणि मागाहून पाझरतात, असं सांगितलं जाई. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी खाण-संस्थेत विल्बर्ट हफ यांनी १९२०च्या दशकात खरा गुन्हेगार दाखवून दिला. दारू निर्दोष होती. दोष होता काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरचा, म्हणजे आघाताने पेटून दारूला आग लावणाऱ्या मसाल्याच्या टोपीचा.

त्या काळच्या प्रायमरमध्ये मर्क्युरी फल्मिनेट, अँटिमनी सल्फाइड आणि पोटॅशियम क्लोरेट असे. क्लोरेटचं काम ऑक्सिजन पुरवण्याचं. तो देऊन झाला की मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, आणि तेही थोडंथोडकं नव्हे: १०० ग्रॅम क्लोरेटमागे सुमारे ६१ ग्रॅम. प्रायमरमधला मसाला गुंजभरही नसतो हे खरं, पण प्रत्येक गोळीबरोबर या क्षाराचा एक थर नळीत फवारला जातो. काळी दारू वापरात होती तेव्हा नळी इतकी बरबटायची की ती पाण्याने धुण्यावाचून गत्यंतर नसे, आणि क्षार आपसूक वाहून जाई. नवी दारू स्वच्छ जळू लागली, लोकांनी पाणी सोडून तेल धरलं आणि तिथेच घोटाळा झाला. क्षार तेलात विरघळत नाही.

पोटॅशियम क्लोराइड हे मिठाचंच भावंड. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. साध्या शुद्ध मिठाला ७५ टक्के पुरतात. (खाडीकाठच्या मिठागरांतलं मीठ त्याआधीच पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं.) ठाण्यात जुलैमधल्या सकाळी हवा कितीदा तरी ८५ टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे राजस्थानच्या कोरड्या हवेत जी नळी काही दिवस तग धरेल, ती ठाण्याच्या खाडीकाठी कोलशेत किंवा विटाव्यात रातोरात खाऱ्या पाण्याने माखणार. क्लोराइड आयन गंजाला कसा वेग देतात, हे खाडीलगतच्या घरांच्या खिडक्यांचे गज पाहिले की कळतं.

उपाय अगदी साधा: पाणी. ब्रिटिश सैन्यात गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, उकळत्या पाण्यात ५६ ग्रॅम. शिवाय तापलेली नळी आपोआप लवकर वाळते. तेल त्यानंतर. काही नेमबाज अमोनिया वापरतात आणि त्यानेच क्षार नाहीसा होतो असं मानतात. अमोनिया नळीत चिकटलेलं तांबं काढतो. क्षार काढतं ते त्या द्रावणातलं पाणी.

अमोनियाचा विषय निघालाच आहे, तर काडतुसांबद्दल सांगायला हवं. जुन्या काडतुसांवर हिरवट थर चढतो आणि ती पितळ चकाकवायच्या पॉलिशने घासावीत असा मोह होतो. अशा अनेक पॉलिशमध्ये अमोनिया असतो. पुंगळी म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच. तिचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पुंगळी ओढून घडवताना धातूत ताण राहतो. १९व्या शतकात हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकलेली सापडत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि धातूतला ताण, या तिघांची ती करामत, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. पुंगळीची मान तापवून ताण घालवणं हा त्यावरचा उपाय. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो त्याच तापवण्याची खूण. तडकलेली पुंगळी झाडली तर वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे फुटू शकतो. म्हणून हिरवट थर कोरड्या फडक्याने पुसून निघाला तर ठीक. खाली खड्डे दिसले तर ते काडतूस बाद.

आतली दारूही म्हातारी होते. धूरविरहित दारूतलं मुख्य द्रव्य, नायट्रोसेल्युलोज, हळूहळू विघटित होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं आणि तेच पुढचं विघटन वाढवतात. ते शोषून घ्यायला डायफेनिलामाइनसारखं रसायन मिसळलेलं असतं. ते संपलं की दारूला उग्र, आंबूस वास येतो. उष्ण कोठारात हे सगळं झपाट्याने घडतं. जुनं काडतूस कधी घोडा ओढल्यावर क्षणभर थांबून मग उडतं. म्हणून बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं.

गंमत म्हणजे क्लोरेटचे प्रायमर दशकानुदशकं टिकतात. क्लोरेटशिवायचे प्रायमर जर्मनीत १९२०च्या दशकातच तयार झाले होते, पण साठवणुकीत ते टिकतील याची खात्री लष्करांना बराच काळ नव्हती. म्हणूनच सोव्हिएत बनावटीची, पत्र्याच्या सीलबंद डब्यांतली काडतुसं अमेरिकेतले हौशी नेमबाज झाडतात आणि मग रायफल घेऊन न्हाणीघर गाठतात.

आपल्याकडे हा छंद नाही. ०.३०३ म्हणजेच थ्री नॉट थ्री हा बोअर (नळीचं माप) सामान्य नागरिकांना निषिद्ध आहे, आणि विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणं हाच १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. आजोबांच्या ट्रंकेत एखादं सापडलंच, तर ते घासू नका, उघडू नका, खिशात घालून चौकीतही नेऊ नका. आहे तिथेच राहू द्या आणि ११२ वर फोन करा.