गोट्यासारख्या चहादाणीची पाचशे वर्षं

नदीतल्या गोट्यासारखी किंवा मिटल्या कळीसारखी, अंगावर रेघही नसलेली चहादाणी आज नव्या डिझाइनचा नमुना म्हणून मिरवते. तिची मुळं मिंगकालीन चीनमध्ये आहेत. 1391 साली होंगवू सम्राटाने नजराण्यात चहाच्या दाबलेल्या वड्या घेणं थांबवलं आणि सुटी पानं मागवली. वडीची पूड वाटीत घुसळली की भागत असे. पानं मुरवायला झाकणाचं, तोटीचं भांडं हवं.

हे भांडं चीनमधल्या यिशिंग या शहराच्या जांभळट मातीत बहरलं. 16व्या शतकातल्या गोंग चुनने गिंकोच्या खोडावरची गाठ पाहून चहादाणी घडवली, असं परंपरा सांगते. म्हणजे निसर्ग पहिल्यापासून होता, साधेपणा मागाहून आला. पुढे छेन मिंगयुआनसारख्या कसबी हातांनी खोडं, फळं, कमळं मातीत हुबेहूब उतरवली.

मला खरं वळण दिसतं ते 19व्या शतकाच्या सुरुवातीला. छेन मानशेंग हा सरकारी अधिकारी आणि सुलेखनकार. आकार तो सुचवायचा, यांग पंगनियानसारखे कारागीर घडवायचे. भांड्यावर अक्षरं कोरायची तर अंग कोरं हवं. त्यामुळे त्याच्या भोपळ्याच्या आकाराच्या चहादाणीवर वेल-पानं नाहीत. खाली भरलेलं पोट आणि वर निमुळता होत गेलेला माथा, एवढंच. निसर्ग पृष्ठभागावरून बाह्यरेषेत आला.

युरोपात 18व्या शतकात स्टॅफर्डशरचे कुंभार फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या चहादाण्या करत होते. देखण्या, पण नक्कलच. 19व्या शतकात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या क्रिस्टोफर ड्रेसर या ब्रिटिश डिझायनरने ही नक्कल नाकारली. झाडाची पानं उचलण्यापेक्षा त्याच्या वाढीमागची शिस्त समजून घ्यावी, असा त्याचा आग्रह होता. 1876-77 मध्ये तो जपान पाहून आला आणि त्यानंतरच्या त्याच्या धातूच्या चहादाण्या आजही कालच घडवल्यासारख्या वाटतात. 1924 मध्ये बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइन शाळेत मारिआन ब्रान्टने अर्धगोल, वर्तुळ अशा निव्वळ भूमितीतून चहादाणी उभी केली.

आजचा गोटा मानशेंगची रेषा आणि ब्रान्टची काटकसर एकत्र आणतो. पेच तोटीपाशी येतो. तिचं टोक भांड्याच्या काठाहून खाली गेलं, तर भरतानाच चहा सांडतो. ओठ गोलसर ठेवला, तर धार त्याला बिलगून खाली ओघळते. म्हणून सगळं अंग गुळगुळीत असलं तरी तोटीच्या ओठाला धारदार कड द्यावीच लागते.