वासोट्याला येताय? आधी हे वाचा

‘दहापर्यंत बामणोलीत पोचलो तर चालेल ना?’ हंगामात हा फोन रोज येतो. नाही चालणार. दहाला आलात तर शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोटीची एक फेरी होईल, किल्ला होणार नाही.

हिशेब साधा आहे. बामणोलीत परवान्याला तासभर. बोटीने पायथ्याच्या मेट इंदवलीला दीड तास. तिथे नोंद आणि सामानाची तपासणी, अर्धा तास. चढाई दोन तास, गडावर निदान एक, उतराई दीड, परत बोट दीड. झाले नऊ तास. साडेसातला आलात तर साडेचारला परत. दहाला आलात तर सात वाजणार. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, अंधारात आम्ही बोट काढत नाही आणि किल्ला ज्या कोयना अभयारण्यात आहे तिथे मुक्कामाला बंदी आहे.

वेळ चढाईत जात नाही, कागदांत जाते. बारा जणांतले दोघे मागच्या गाडीत आणि त्यांची ओळखपत्रं त्यांच्याच खिशात, हे नेहमीचंच. मग सगळी बोट काठाला. प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स आदल्या रात्रीच एका माणसाकडे जमा करा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. इथे रेंज मिळेलच असं नाही, आणि झेरॉक्सचं दुकान सकाळी सातला उघडं नसतं.

पुण्याहून पहाटे निघणाऱ्यांनी साताऱ्यापासून पुढचे दीड तास वेगळे धरावेत. कास ओलांडल्यावरचा उतार अरुंद आणि वळणांचा, त्यात धुकं. आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम केलात तर तंबू आणि पिठलं-भाकरी तयार असते, आणि सकाळी तुमचीच बोट पहिली सुटते.

बोट पूर्णच घ्यावी लागते, माणशी तिकीट नाही. चौघांना दुसऱ्या ग्रुपमध्ये बसवा म्हणतात. आम्ही बसवत नाही. एका ग्रुपला उशीर झाला की दोन्ही अडकतात.

पायथ्याच्या ओढ्यावर पाणी भरून घ्या. पुढे गडावरच्या टाक्यापर्यंत खात्रीचं पाणी नाही. माणशी दोन लिटर हवंच, तेही शक्यतो स्टीलच्या बाटलीत. प्लास्टिकची नोंद जाताना होते आणि परतताना मोजणी होते. एक रिकामी बाटली कमी पडली की सगळा ग्रुप चौकीपाशी थांबतो.

गडावर महादेव मंदिर बघून थेट बाबुकड्यावर जा. घाटमाथा तिथे संपतो, खाली कोकण. समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा. महाराजांनी 1660 मध्ये घेतलेला हा किल्ला एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांनी त्याच डोंगरावर तोफा चढवून घेतला. गडावर कैदेत असलेले त्यांचे दोन अधिकारी तेव्हा सुटले. मधली दरी बघितली की तोफा तिथेच का लावल्या ते कळतं. जुन्या वासोट्यावर मात्र आम्ही नेत नाही, आग्रह करू नका.

नागेश्वर, म्हणजे जवळचं महादेवाचं गुहामंदिर, त्याच दिवशी हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा. ऐन वेळी जमत नाही. पावसाळ्यात सगळंच बंद असतं.