खोल समुद्रातली घरघर येते कुठून? निम्मं उत्तर तळाशी आहे

खोल समुद्रात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला की एक खर्जातली घरघर सतत ऐकू येते. बरीचशी जहाजांच्या प्रोपेलरची असते, आणि त्यातली कित्येक जहाजं शेकडो किलोमीटर लांब असतात. मग एवढ्या लांबून आवाज टिकतो कसा?

खाली जाल तसं पाणी थंड होतं आणि आवाजाचा वेग कमी होतो, पण अजून खाली गेलं की दाबामुळे तो परत वाढायला लागतो. मधे साधारण एक किलोमीटर खोलीवर, आपल्या अरबी समुद्रात त्याहून बरंच खाली, सगळ्यात कमी वेगाचा थर असतो आणि आवाज वाकून वाकून परत त्याच थराकडे येतो. हा सोफार चॅनेल. 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ पाण्याखाली केलेले स्फोट जवळपास 20,000 किमीवर बर्म्युडाला ऐकू आले, पावणेचार तासांनी!

आता यात गंमत अशी की चॅनेलमधला आवाज ना पृष्ठभागाला लागतो ना तळाला, मग तळाचा संबंध काय? संबंध आहे आत शिरण्याचा. भर समुद्रातल्या जहाजाचा बराचसा आवाज तिरका खाली जातो, तळावर आपटतो, वर येतो, परत आपटतो, आणि दर वेळी थोडा मरतो. तळ मऊ गाळाचा असेल तर जास्तच, बेसॉल्ट उघडा असेल तर कमी. पण तेच जहाज खंडाच्या उतारावर, म्हणजे किनाऱ्याकडचा उथळ तळ खोल समुद्रात उतरतो तिथे, असेल तर खोल पाण्याकडे जाणारा आवाज उतारावर आपटला की प्रत्येक वेळी उताराच्या कोनाच्या दुप्पट अंशांनी आडवा होतो, असं दोनचारदा झालं की तो इतका आडवा होतो की थेट चॅनेलमध्येच अडकतो. म्हणून उतारावरून जाणारं एक जहाज भर समुद्रातल्या जहाजापेक्षा लांबवर जास्त ऐकू येऊ शकतं. समुद्राखालच्या भूकंपाचा आवाजही उतारांवरून, समुद्री डोंगरांच्या अंगावरून असाच आत शिरतो.

आणि डोंगर वाट अडवतात पण. लक्षद्वीप, मालदीव, छागोस ही एकच लांब रांग आहे, ज्या रियुनियन हॉटस्पॉटने (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याची जागा) साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट ओतला त्याचाच पुढचा माग. मला हे फार भारी वाटतं, रायगडाच्या कड्याचा दगड आणि हिंदी महासागरात आवाज अडवणारी भिंत, दोन्हीचं मूळ एक! अणुचाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सीटीबीटीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे हायड्रोफोन तिथे छागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटाजवळ आहेत, आणि ते तीन उत्तरेला, तीन दक्षिणेला असे मुद्दाम वेगळे ठेवलेत, कारण एका बाजूला आलेला आवाज दुसऱ्या बाजूला छागोसच्या उथळ भागामुळे पोचेलच असं नाही. म्हणजे त्याच महासागरात, जवळजवळच्या दोन जागी, मागचा गोंगाट वेगळा.

26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा जवळपास 2,900 किमीवरून त्याचा आवाज अर्ध्या तासाच्या आसपास दिएगो गार्सियाला पोचला. तीन हायड्रोफोनवर तो कितीच्या फरकाने आला यावरून दिशा काढली तर ती मिनिटामिनिटाला उत्तरेकडे सरकत होती, म्हणजे जमीन फाटत फाटत अंदमानकडे चालली होती आणि नंतर शास्त्रज्ञांना त्या फाटण्याचा वेगसुद्धा या आवाजावरून मोजता आला.